शेवटच्या प्रयोगानंतर

(दृश्य : रंगमंचाच्या मागच्या दाराजवळचा सूचनाफलक)

नाटक बंद होणार, ही बातमी कलाकारांना कधी निर्माता सगळ्यांना मंचावर बोलावून सांगतो, तर कधी ती थेट फलकावर लागते. त्याच फलकावर, जिथे एरवी तालमीच्या वेळा आणि बदली कलाकारांची नावं असतात. कशीही कळली तरी त्या संध्याकाळी प्रयोग असतोच. रंग लावायचा, पोशाख चढवायचा, आणि ज्या वाक्याला रोज हशा येतो तिथे आजही तो यायला हवा. प्रेक्षकांना फलकाशी काही देणंघेणं नसतं.

गाजलेल्या नाटकांची तारीख मात्र जगजाहीर होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ २६ जानेवारी १९८८ रोजी सुरू झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं, की १८ फेब्रुवारी २०२३ हा शेवटचा दिवस. ते ऐकून तिकिटांसाठी अशी झुंबड उडाली, की तारीख आठ आठवडे पुढे न्यावी लागली. अखेर १६ एप्रिल २०२३ रोजी मॅजेस्टिक थिएटरमध्ये पडदा पडला, तोवर १३,९८१ प्रयोग झाले होते. ब्रॉडवेच्या इतिहासात इतके प्रयोग दुसऱ्या कुठल्याही नाटकाचे झालेले नाहीत.

हा आकडा सगळीकडे छापून आला. मला मात्र त्या वाढीव आठ आठवड्यांचं फार कुतूहल वाटतं. निरोपाची मनाची तयारी झालेली, आणि निरोपच लांबलेला.

(दृश्य : मेकअप रूम. आरशाभोवतीचे दिवे. आरशाच्या चौकटीत खोचलेले फोटो आणि शुभेच्छापत्रं)

तारीख ठरली, की मंडळींचं वागणं हळूहळू बदलतं. प्रयोग संपल्यावर दहा मिनिटांत काढता पाय घेणारे आता रेंगाळू लागतात. ज्यांचं एकमेकांशी फारसं जमलं नव्हतं, तेही एका बाकावर बसून जुने किस्से काढतात. दुसऱ्या अंकात दार उघडलंच नाही तेव्हा कुणी कसं सांभाळून घेतलं, कुणाचं वाक्य कुणी पळवलं, कुणाला भर प्रवेशात हसू आवरेना. हे किस्से सगळ्यांना पाठ असतात, तरीही ते पुन्हा पुन्हा सांगितले जातात आणि दर वेळी थोडे वाढतात. बाहेरच्या मित्रांचे फोन येऊ लागतात : अरे, पाहायचं राहूनच गेलं, दोन तिकिटं मिळतील का?

नाटकातली मैत्री हे एक वेगळंच प्रकरण आहे. आठवड्यातले सहा-सात दिवस, रोज त्याच वेळी, त्याच माणसांबरोबर अंधाऱ्या विंगेत उभं राहायचं. दीड मिनिटात पोशाख बदलायचा असतो तेव्हा पाठीची चेन लावणारा हात कुणाचा, हे न बघता कळतं. पण या मैत्रीला भेटीची वेळ कधी ठरवावी लागत नाही, ती वेळ नाटकानंच ठरवलेली असते. नाटक गेलं, की ती वेळही जाते. शेवटच्या प्रयोगानंतर मंडळी एकत्र बसतात, त्याला लोक मजा म्हणतात, समारंभ म्हणतात. माझ्या मते ते त्या नाटकाचं शेवटचं काम आहे. आजवर नाटकानं घडवून आणलेल्या भेटी इथून पुढे आपल्यालाच घडवून आणायच्या आहेत, हे एकमेकांना कळण्याची ती जागा.

(दृश्य : शेवटचा प्रयोग संपलेला. केशभूषाकार एका अभिनेत्रीचा टोप उतरवत आहे)

इथे कॅमेरा थोडा वेळ थांबू दे. टोप उतरवताना एकेक पिन काढली जाते आणि लहानशा डबीत पडते. मग जाळीची टोपी निघते. कपाळावर तिचा लाल वळ असतो. मानेवर मायक्रोफोनची वायर चिकटवलेली असते, तिची पट्टी ओढली की कातडी खेचली जाते आणि डिंक उरतो. तो रोज तेलानं पुसावा लागायचा. टोप, पोशाख, बूट, यातलं काहीच अभिनेत्रीचं नसतं, सगळं निर्मात्याकडे परत जातं. तिची असतात ती आरशात खोचलेली पत्रं. ती एका पिशवीत जातात. शेजारची सहकलाकार तिच्या हातात एक चिठ्ठी देते. “घरी गेल्यावर वाच,” असं बजावते. आणि ती तिथेच वाचली जाते.

त्याच वेळी भिंतीपलीकडे नेपथ्य उतरवायला सुरुवात झालेली असते. हौशी आणि छोट्या संस्थांत कलाकार रंग पुसून स्वतः खिळे काढायला येतात. मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत हे काम तंत्रज्ञांचं, आणि ते बऱ्याचदा त्याच रात्री सुरू होतं. म्हणजे ज्यांनी रोज पडदा ओढला, दिवे सांभाळले, अंधारात हात धरून जिन्यावरून उतरवलं, तेच नेमके मेजवानीला उशिरा पोहोचतात, किंवा पोहोचतच नाहीत. हे मला फार खटकतं. निघण्याआधी मंचावर जाऊन त्यांच्यापैकी प्रत्येकाला भेटणारे नट मी पाहिले आहेत. बाहेर गाडी थांबलेली असते, लोक हाका मारत असतात, आणि हे आत कुणाचा तरी धुळीनं माखलेला हात हातात घेऊन उभे असतात.

(दृश्य : गर्दीनं भरलेली खोली. हास्य, मिठ्या, फोटो)

आता ती बैठक. सुरुवातीचा तासभर सगळे मोठ्यानं बोलतात. त्यात उसनं अवसान असतं, आणि ते असायलाही हरकत नाही. जरा निरखून पाहिलं, तर कडेला चार-पाच माणसं दिसतील. ती नटांची बाहेरची मित्रमंडळी. शेवटचा प्रयोग पाहायला अगत्यानं आलेली. पण आतल्या विनोदांवर हसायचं कसं, हे त्यांना कळत नाही. एक शब्द उच्चारला की सगळी टोळी फुटून हसते आणि ही माणसं हातातला पेला फिरवत राहतात. नटाचीही ओढाताण होते. इकडे दीड वर्ष सोबत घालवलेली माणसं, तिकडे त्याच दीड वर्षात ज्यांच्या प्रत्येक आमंत्रणाला त्यानं “प्रयोग आहे रे” असं उत्तर दिलं ती माणसं. उद्यापासून त्याच्या संध्याकाळी या दुसऱ्या मंडळींच्या असणार आहेत. त्यांना हाताला धरून मध्ये आणणारा आणि “हा माझा शाळेपासूनचा मित्र, याच्यासमोर मी पहिलं भाषण विसरलो होतो” असं सांगणारा नट मला फार शहाणा वाटतो.

मग कुणीतरी तो प्रश्न विचारतंच : पुढे काय?

खोलीतल्या काहींकडे उत्तर असतं. कुणाची तालीम दोन दिवसांनी सुरू होणार असते, कुणाला चित्रीकरणाला निघायचं असतं. काहींकडे काहीच नसतं. उद्यापासून पगार बंद, आणि आज हसऱ्या चेहऱ्यानं फोटोत उभं राहायचं. ज्यांच्या हातात काम आहे ते आवाज खाली आणून बोलतात, ज्यांच्याकडे नाही ते जरा जास्तच उत्साहानं अभिनंदन करतात. हा अवघडलेपणा खरा असतो आणि प्रेमही खरं असतं.

(दृश्य : रिकामं नाट्यगृह)

ही रात्र वाट्याला आलीच नाही, तर काय होतं, ते २०२० नं दाखवलं. १२ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या साथीमुळे ब्रॉडवेची सगळी नाट्यगृहं बंद झाली. ‘फ्रोझन’ या संगीत नाटकाचा प्रयोग आदल्याच दिवशी झाला होता. मे महिन्यात जाहीर झालं, की ते पुन्हा उघडणार नाही. म्हणजे ११ मार्चला कलाकार रोजच्यासारखे “उद्या भेटू” म्हणून घरी गेले, आणि तोच त्यांचा शेवटचा प्रयोग ठरला. टाळ्या झाल्या होत्या, पण त्या कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

उलटंही घडतं : नाटक चालू राहतं आणि माणूस बाहेर पडतो. जॉर्ज ली अँड्र्यूज ‘फँटम’मध्ये पहिल्या दिवसापासून होते. २३ वर्षांत त्यांनी ९,३८२ प्रयोग केले, एकाच ब्रॉडवे नाटकात, हा विक्रम आहे. २०११ मध्ये ते निघाले. नाटक पुढे आणखी ११ वर्षांहून अधिक काळ चाललं.

(दृश्य : नृत्याच्या तालमीची खोली, भिंतभर आरसा)

आणि एक नाटक तर जन्मालाच आलं अशा एका बैठकीतून. जानेवारी १९७४. न्यूयॉर्कमधले काही नर्तक रात्रीचे आपापले प्रयोग आटोपून जमले. दिग्दर्शक मायकल बेनेट यांनी टेपरेकॉर्डर लावला, आणि रात्रभर ते आपल्या आयुष्याबद्दल बोलत राहिले. बालपण, आईवडील, पहिली निवडचाचणी, नाकारलं जाणं. त्या गप्पांतून ‘अ कोरस लाइन’ उभं राहिलं. २८ एप्रिल १९९० रोजी, ६,१३७ प्रयोगांनंतर, ते बंद झालं. त्याच्या कितीतरी आधी, २९ सप्टेंबर १९८३ रोजी, ३,३८९ व्या प्रयोगाला, बेनेट यांनी वेगवेगळ्या संचांतल्या कलाकारांना परत बोलावलं होतं. मूळ संचातलेही आले. त्या रात्रीच्या प्रयोगात ३३२ कलाकार होते.

पुन्हा भेटायला एवढा मोठा प्रसंग लागतो असं नाही. कुणाला नवं नाटक मिळतं. पहिल्या प्रयोगाला जुन्या संचातले तिघे-चौघे तिकीट काढून येतात आणि प्रयोगानंतर मागच्या दाराशी, नव्या मंडळींच्या घोळक्यापासून जरा अंतरावर उभे राहतात. आता आतले विनोद त्यांना कळणार नसतात. अशा वेळी त्या नटानं आधी त्यांच्याकडे जावं आणि नव्या सहकाऱ्यांना हाक मारून सांगावं, “या, ही माझी जुनी मंडळी.” दाराचे किस्से मग ती मंडळी स्वतःच सांगायला लागतात.