कॉफीच्या चोथ्यातलं तेल

कॉफी गाळून झाली की फिल्टरमध्ये जो काळा ओला चोथा उरतो ना, तो सरळ कचऱ्यात जातो, पण त्यात तेल असतं आणि चांगलं भरपूर असतं, चोथा पूर्ण वाळवून बघितला तर वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के! गरम पाणी रंग, चव, कॅफिन ओढून घेतं पण तेल काही पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बियांमधलं बरंचसं तेल चोथ्यातच राहतं.

मग काढायचं कसं? आधी वाळवायचं, आणि खरं सांगायचं तर सगळं अडतं ते इथेच. ताज्या चोथ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते घालवायला उष्णता लागते, आणि ओला तसाच ठेवला तर बुरशी धरते.

आता हे उपकरण बघा, याला सॉक्सलेट म्हणतात. खाली काचेच्या चंबूत हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवणारा पेट्रोलसारखा द्रव, ते 69 अंशाच्या आसपास उकळतं, वाफ वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन थेंब थेंब चोथ्यावर पडते आणि तेल सोबत घेऊन परत खाली येते, हे असं तासन्‌तास चालतं. शेवटी हेक्झेन उडवून परत गोळा करतात, खाली राहतं ते गडद तपकिरी, कॉफीच्या वासाचं तेल. हेक्झेन लगेच पेट घेतं, त्यामुळे घरी हा प्रयोग अजिबात नको.

कार्बन डायऑक्साइडनेही जमतं. 31 अंशाच्या वर आणि साधारण 74 बारपेक्षा जास्त दाबाखाली तो धड वायू नसतो धड द्रव नसतो, त्यात तेल विरघळतं, आणि दाब सोडला की तो निघून जातो, तेलात काहीच मागे ठेवत नाही. पद्धत स्वच्छ, पण मशीन महाग.

2008 मध्ये अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी या तेलाचं बायोडिझेल करून दाखवलं, 2017 मध्ये लंडनच्या बसच्या इंधनातही ते मिसळलं गेलं. पण या तेलात मोकळी फॅटी आम्लं बरीच असतात, बायोडिझेल करायला थेट अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा क्षार) घातली की साबणच होतो, म्हणून आधी आम्लाची एक पायरी वाढते. मला विचाराल तर साबण आणि क्रीमसाठी हे तेल जास्त शोभतं, यात लिनोलेइक आणि पामिटिक आम्ल भरपूर असतं, तेवढ्याच तेलाला तिथे किंमतही जास्त मिळते.

आणि तेल काढून झालेला चोथा? त्याच्या कांड्या करून जाळता येतात, त्या आचेवर पुढचा ओला चोथा वाळवायचा.