सोलापूरचे ते तीन दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं 'चार पुतळा' म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचे ते पुतळे. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. ही नावं ओळीनं उच्चारली की त्या वेळचं अर्धं सोलापूर डोळ्यांपुढं उभं राहतं. ज्या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच नळावर भांडतात आणि एकाच नळावर मिटवतात, त्या गावातली ही माणसं.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते. आजी कुणाचंही वय सांगताना 'मार्शल्लाच्या आधीचा' किंवा 'मार्शल्लाच्या नंतरचा' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, मार्शल्ला म्हणजे प्लेग किंवा दुष्काळ असणार. तो मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल होता, 1930 सालचा, हे मला फार उशिरा कळलं. आणि तेव्हापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्या साली सोलापूरकरांनी जे केलं, त्याला आपण सरकारनं दिलेलं नाव लावून बसलो. शिक्षेचं नाव राहिलं. कर्तृत्वाला नावच नाही. म्हणून आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते मार्शल लॉच्या आधीच्या दिवसांबद्दल.

1930चा उन्हाळा आठवा. एप्रिलात गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्याच 6 एप्रिलला सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. माणिकचंद शहा तेव्हा नगराध्यक्ष होते. सरकारी परवान्यानं चालणाऱ्या संस्थेच्या छपरावर राष्ट्रीय निशाण, आणि तेही उघड दिवसाढवळ्या! आपल्या नगरपालिकेनं हे देशात सर्वांत आधी केलं, असं सोलापूरकर आजही छाती पुढं काढून सांगतात.

पण मीठ कुठून आणायचं? सोलापूर पडलं कोरड्या पठारावर, समुद्र कोसो दूर. म्हणून इकडं कायदेभंगाला वेगळी वाट सापडली. शिंदीच्या झाडांवर सरकारला कर मिळायचा, आणि त्याच शिंदीच्या दारूत गिरणी कामगाराचा पगार बुडायचा. झाडं तोडली की सरकारच्या तिजोरीलाही धक्का आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणीही थांबणार. दिल्लीच्या राजकारणाचा आणि चाळीतल्या चुलीचा संबंध इतका सरळ जोडणारी दुसरी चळवळ मला आठवत नाही. कामगार उगाच नव्हते त्यात उतरले.

4 मेच्या रात्री दांडीजवळच्या कराडीला गांधीजींना पकडलं. बातमी सोलापुरात पोचली आणि गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाला. 8 मेला लोक रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदी तोडायला निघाले. पोलिसांनी काहींना धरलं, जमाव आडवा झाला, कलेक्टर नाईट स्वतः तिथं आले. त्या गर्दीतून शंकर शिवदारे नावाचा एक तरुण हातात निशाण घेऊन पुढं गेला आणि पोलिसांच्या गोळीनं जागीच कोसळला. लोकांचा संताप अनावर झाला होता, कलेक्टरचंही बरंवाईट झालं असतं. तेव्हा मल्लप्पा धनशेट्टींनी मध्ये पडून जमावाला मागं सारलं, असं सोलापुरात सांगतात. हे नाव लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

पुढचं सगळं गोडगोड नव्हतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पोलीस चौकी पेटली, कोर्टाची इमारत जळाली, पोलीसही मारले गेले. गोळीबार होत राहिला, त्यात माणसं गेली. मग पोलीस शहरातून निघून गेले.

आणि इथं ते दिवस सुरू होतात. 9, 10, 11 मे. गिरण्यांचं शहर, गोळीबारानं पेटलेलं, आणि रस्त्यावर एक पोलीस नाही. अशा वेळी काय होईल, असं कुणालाही विचारा. लूटमार, जुने हिशेब, घरफोड्या, असंच उत्तर येईल. सोलापुरात मात्र काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहिले. वाहतूक त्यांनी लावली, रात्रीची गस्त त्यांनी घातली. ज्याच्या हाती काल मागावरचा धोटा होता, तो आज चौकात उभा राहून टांग्याला 'थांब' म्हणत होता, आणि टांगेवाला थांबत होता. आजी म्हणायची, "त्या दिवसांत दाराला कडी नव्हती लावली आम्ही." म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत थोडी साय धरते, मला मान्य आहे. तरी या वाक्यावर माझा विश्वास आहे. स्वराज्य कसलं असेल याची चव त्या गावानं चाखली, आणि ती तिच्या बोलण्यात उतरली होती.

सरकारला जाळपोळीपेक्षा हेच जास्त झोंबलं असणार, असं माझं मत आहे. जाळपोळ झाली तर पोलीस वाढवता येतात. पोलिसांवाचून गाव नीट चालतं, हे उघड झालं तर राज्य कशाच्या जोरावर करायचं? 12 मेला मार्शल लॉ पुकारला. पंजाबातल्या 1919च्या मार्शल लॉच्या जखमा अजून ओल्या होत्या, आणि तोच आता सोलापुरात आला. तो 30 जूनपर्यंत राहिला. निशाण हाती धरणं हा गुन्हा झाला. सोजीर रस्त्यावर डोक्यावरच्या गांधी टोप्या हिसकावून घ्यायचे. आजोबांची टोपी आजीनं ज्वारीच्या कणगीत तळापर्यंत हात घालून दडवली होती. ती पुढं बाहेर काढली तेव्हा तिच्या शिवणीत अडकलेले दाणे निवडायला दुपार गेली, असं ती सांगायची.

मग धरपकड, खटले, आणि पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांना फाशी. त्यात मल्लप्पा धनशेट्टीही होते, ज्यांनी कलेक्टरला वाचवल्याचं गाव सांगतं तेच. कुर्बान हुसेन साप्ताहिक चालवणारा तरणाबांड पोरगा. गावानं या चौघांना कधीच खुनी मानलं नाही.

12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला त्यांना फाशी दिली. संक्रांत तोंडावर आलेली. सोलापूरकराला हे दिवस म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आमचा गड्डा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, घरोघरी पाहुणे.

श्रोतेहो, एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. ज्यांना पकडल्याच्या बातमीनं सोलापूरच्या गिरण्या थांबल्या होत्या, ते गांधीजी त्या दिवशी त्याच येरवड्याच्या तुरुंगात होते. पुढं चौदा दिवसांनी, 26 जानेवारीला, सरकारनं त्यांना सोडलं. दर वर्षी 12 जानेवारीला चार पुतळ्यांना हार पडतात, आणि गड्ड्याला निघालेली माणसं, खांद्यावर पोरं घेतलेली, तिथं क्षणभर थांबून पुढं जातात.

नमस्कार.