बावन्नातून सत्तावीस: दुसरीच्या वर्गातली एक सकाळ

(दृश्य: फळा. ५२ च्या खाली २७, मध्ये वजाबाकीची खूण. मुलांच्या वर धरलेल्या पाट्या.)

दुसरीचा वर्ग. फळ्यावर एकच उदाहरण आहे. बाई म्हणतात, "पाट्या वर!" आणि छत्तीस पाट्यांवर मिळून चार उत्तरं दिसतात: २५, ३५, २६ आणि १५. बाई एकही खोडत नाहीत. चारही उत्तरं फळ्यावर उतरवतात आणि विचारतात, "कसं काढलंत?"

मग गप्प राहतात. ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ थांबतात, हे अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं होतं. तो वेळ निघाला जेमतेम एक सेकंद. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. वर्गासमोर उभं राहून ते काढायचे म्हणजे जिवावर येतं.

(दृश्य: एकेक मूल फळ्यापाशी येऊन बोट ठेवून सांगतंय.)

३५ लिहिणारा सांगतो: दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन, तीन. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे त्याने पहिलीत ऐकलंय आणि इथे तंतोतंत पाळलंय.

२६ लिहिणारी मोजत गेली. सत्तावीसपासून बावन्नपर्यंत, एकेक बोट दुमडत. फक्त पहिलं बोट तिने सत्तावीसलाच दुमडलं. ते अठ्ठावीसला दुमडायला हवं होतं. हे २६ लक्षात ठेवा, तासाभराने ते वेगळ्याच वेशात परत येणार आहे.

१५ ची गंमत निराळी. या वर्गात दशक सुटा करायला शिकवतात, म्हणजे वरच्या पाचाचे चार होतात. घरी आजोबा जुन्या रीतीने हातचा खाली मिळवतात, म्हणजे खालच्या दोनाचे तीन होतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. आजोबांच्या रीतीत वर दहा सुटे वाढवले आणि खाली एक दशक वाढवला, त्यामुळे फरक तेवढाच राहिला. मुलाने मात्र दोन्ही केलं. वर चार, खाली तीन, उरला एक. अशा वेळी "घरी शिकवू नका" असं कळवून काही साधत नाही, आजोबा शिकवणारच. त्यापेक्षा दोन्ही रीती शेजारीशेजारी मांडून दाखवायच्या आणि वहीत मात्र काही महिने एकच चालवायची.

(दृश्य: खोकी उघडली जातात. रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे.)

आता काड्या. चार-चार मुलांचे नऊ गट, प्रत्येक गटाकडे एक खोकं. खोक्यात दहा काड्यांचे नऊ गठ्ठे आणि दहा सुट्या काड्या, म्हणजे वर्गाला नऊशे. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या सर्वांत सोयीच्या, कारण गोल काड्या बाकावरून घरंगळतात. रबर दोनच वेढ्यांचं हवं. तिसरा वेढा दिला तर सात वर्षांच्या बोटांना तो निघत नाही, आणि निघालाच तर काड्या वर्गभर उडतात.

दुकानात दशकाच्या आखीव प्लास्टिकच्या पट्ट्याही मिळतात. दिसायला सुबक, पण त्या सुटत नाहीत. पट्टी देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात, आणि "बदलून घेणं" ही मुलासाठी आणखी एक पायरी असते. गठ्ठ्याचं रबर काढलं की तेच दहा डोळ्यांसमोर सुटे होतात. वजाबाकीतला सगळा अवघड भाग एवढाच आहे, आणि तो रबरात आहे.

बावन्न मांडा: पाच गठ्ठे, दोन सुट्या. खोक्याचं झाकण बंद. झाकण उघडं राहिलं की हमखास एक हात आत जातो, सात काढायला पाच काड्या कमी पडताहेत म्हणून तिथल्या पाच सुट्या उचलतो, आणि बावन्नाचे सत्तावन्न होतात. आता सत्तावीस काढायचे. सात सुट्या हव्यात, आहेत दोन. एक गठ्ठा सोडा. चार गठ्ठे, बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन. पंचवीस.

हे सगळं होत असताना पेन्सिल चालू हवी. रबर निघालं त्याच क्षणी वहीत पाच खोडून चार, आणि दोनाच्या जागी बारा. आधी काड्यांचा खेळ उरकून मग वहीत उदाहरण सोडवलं, तर मुलासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात: काड्यांचं उत्तर २५ आणि वहीतलं ३५. दोन्ही त्याला मान्य असतात.

शेवटी ४० वजा १८. इथे ३८ येतं, आणि ३० सुद्धा. ३८ वाल्याने आठातून शून्य काढलं. ३० वाली म्हणते, "सुट्या काड्याच नाहीत, तर काय काढणार?" उत्तर शून्य. म्हणणं बिनतोड आहे. बाई तिच्या गठ्ठ्यावरच्या रबराकडे फक्त बोट दाखवतात.

(दृश्य: बाई अंक सांगताहेत, मुलं लिहिताहेत. कॅमेरा हातांवर.)

संख्यालेखन. इथे हात पाहायचा, उत्तर नंतर. "सत्तावीस" ऐकल्यावर काही मुलं आधी ७ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे २. संख्या बरोबर दिसते, पण लिहिली उलटी. डावीकडे जागा उरली नाही की तीच मुलं ७२ लिहितात. कारण मराठीत एककाचा अंक आधी कानावर पडतो: बावन्नातला "बा" म्हणजे दोन, पंचवीसमधला "पंच" म्हणजे पाच. एकोणतीस तर आणखी फसवं. त्यात "तीस" ऐकू येतं आणि शेवटी नऊ असतो हे माहीत असतं, म्हणून ३९. एकोणचाळीसचे ४९, एकोणपन्नासचे ५९. एक कमी ही कल्पना शब्दातच दडलेली आहे आणि ती उलगडून सांगेपर्यंत मूल अंदाजच लावतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक", "वीस दोन" असं वाचन आलं, त्यामागे हीच अडचण होती. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. या वर्गात दोन्ही चालतं: बोलायचं सत्तावीस, अडलं तर "वीस सात".

(दृश्य: दुरेघी वह्या. कोपरापासून बोटांपर्यंत हात.)

श्रुतलेखनाला आठ शब्द आणि दोन वाक्यं पुरतात. बाई शब्द एकदा सहज म्हणतात, मग सावकाश, मग पुन्हा सहज. सावकाश म्हणजे तोडून नव्हे. "सूऽऽ र ऽऽ य" असं म्हटलं की मुलं सूरय लिहितात, आणि ती चूक त्यांची नसते. सूर्य नीट ऐकलेली मुलंही रफार बऱ्याचदा सू वर देतात, कारण र ऐकू येतो सू च्या लगेच मागे. खूण मात्र बसते पुढच्या य च्या डोक्यावर.

पहिल्या वेलांटीचा घोळ याच जातीचा. बोलताना आधी व, मग इ. लिहिताना वेलांटी आधी. "कविता" लिहिताना मूल क, मग व लिहितं आणि मग त्याला वेलांटी आठवते. आता मध्ये जागा नाही. ती क ला चिकटते आणि वाचताना होतं "किवता". यावर उपाय साधा आहे: लिहिण्याआधी शब्द एकदा तोंडाने म्हणायचा आणि वेलांटी कुठल्या अक्षराला आहे ते बोटाने हवेत दाखवायचं.

ऱ्हस्व-दीर्घाचा नियम दुसरीत कोणी पाठ करून घेत नाही, घेऊही नये. जोड्या लिहून घेतात: फूल, फुले. मूल, मुले. वीट, विटा. दहा-बारा जोड्यांनंतर एखादी मुलगी आपणच म्हणते, "खूप झाले की ते छोटं होतं." व्याकरणाच्या भाषेत हे फार ढोबळ आहे. तूर्त चालेल.

शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे. पट्टी ठेवून सपाट ओढली की ध चा घ होतो आणि भ चा म. डावखुऱ्या मुलांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं आहे, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं आणि भांडण कशावरून झालं हे दोघांनाही सांगता येत नाही.

(दृश्य: पट्ट्या, पेन्सिली.)

मोजमाप. सात सेंटिमीटरची पेन्सिल. बरीच मुलं तिचं टोक पट्टीवरच्या १ ला लावतात आणि आठ सेंटिमीटर असं सांगतात. का? मोजणी एकपासून सुरू होते म्हणून. काहीजण पट्टीच्या कडेला लावतात, पण कित्येक पट्ट्यांवर शून्य कडेपासून थोडं आत असतं. म्हणून बाई मुद्दाम एक तुटकी पट्टी देतात, ३ पासून सुरू होणारी. पेन्सिल ३ ते १०. एकीने रेघा मोजल्या: तीन, चार, पाच… दहा. आठ. सकाळचं २६ इथे परत आलं. तीच मुलगी, तीच गफलत: घरं मोजायच्या ऐवजी खुणा मोजल्या. या वेळी ती बोट एका रेघेवरून पुढच्या रेघेवर उडी मारत नेते. सात उड्या. मग न सांगता सकाळचं पान उलटते आणि २६ खोडते.

(दृश्य: सुट्टीआधीची आवराआवर. खोकी बाकांवर.)

खोकी परत देण्याआधी प्रत्येक गट गठ्ठे बांधतो, आणि बांधलेला गठ्ठा दुसऱ्या गटाने मोजायचा असतो. याला सहा-सात मिनिटं जातात आणि ती वाचवण्याचा मोह दररोज होतो. पण एखादा गठ्ठा नऊचा निघाला तर उद्या तो गठ्ठा सोडला की त्या गटाचं उत्तर एकाने चुकेल, मुलं आपल्या हिशोबात चूक शोधत बसतील, आणि ती तिथे नसेलच.

पाचव्या गटाकडून आवाज येतो, "बाई, नऊच आहेत." सगळे बाकाखाली वाकतात. काडी सापडते चौथ्या गटाच्या दप्तरापाशी.