तेल-तूप बंद केलं, तरी ट्रायग्लिसराइड का उतरत नाही?

‘तेल अगदी नावाला, तूप तर घरात आणतच नाही. तरी ट्रायग्लिसराइड 260!’ असं कळवळून सांगणारे किती जण भेटतात. नमस्कार, आजचा व्हिडिओ त्यांच्यासाठी. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी.

(रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून) ही ओळ बघा. उपाशीपोटी 150 च्या आत असेल तर ठीक. 200 ला पोचलं की जास्त. आणि 500 च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथे घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

आता आकडा हलत का नाही? कारण ही चरबी नुसती ताटातल्या तेलातून येत नाही. आपलं यकृत ती स्वतः बनवतं, साखर आणि पिष्टापासून. गरजेपेक्षा जास्त पोटात गेलं की त्याची चरबी होते आणि रक्तात उतरते.

चहाच घ्या. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी 32 ग्रॅम साखर झाली, बिस्किटं वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम. आणि आपला उपवास! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर साखर. पोटाला आराम दिला असं आपण समजतो, यकृत मात्र त्या दिवशी जादा पाळी करतं. ताक, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ, एवढ्यावरही चतुर्थी होते हो.

दारूनेही हा आकडा चढतो, ‘फक्त शनिवारी’ असली तरी. मासे खात असाल तर बांगडा, तारली जरूर खा, पण तळून नको, कालवण करा.

आता चालण्याबद्दल, कारण खरी गंमत इथे आहे. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते रक्तातली ही चरबी फोडून स्नायूंना जाळायला देतं. चाललात की त्याचं काम वाढतं, तासन्‌तास बसलात की मंदावतं. व्यायामाचा हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणजे रविवारी सिंहगड चढलात आणि मग खुर्ची सोडलीच नाही, तर गुरुवारी हाती काही उरत नाही. त्यापेक्षा रोज अर्धा तास भरभर चाला. वजन जास्त असेल तर 80 किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवले, तरी ट्रायग्लिसराइड सुमारे 20 टक्क्यांनी खाली येऊ शकतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आदल्या रात्री जेवणावळ नको, दारू नको, दहा-बारा तास पोट रिकामं ठेवा. तरीही आकडा तसाच असेल तर मधुमेह आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.