पोराकडे कोण बघतंय?

[दृश्य: सकाळचे सात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार. झाडांखाली हिरवा लाकडी बंगला. बाहेरून रस्त्याचा गोंगाट.]

सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटकडे चालायला लागलं की डाव्या हाताला जे. जे.चं आवार लागतं. या फाटकासमोरून रोज हजारो माणसं लोकल गाठायला पळत असतात. आतल्या बंगल्याकडे बघायला सवड कुणाला? ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग जन्मला. वडील लॉकवुड किपलिंग इथे शिल्पकला शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर मान वर करून पाहिलंत तर दगडात कोरलेली माणसं दिसतात, ती त्यांनीच रेखाटलेली. किपलिंग जन्मला ते घर आता उरलेलं नाही. हा बंगला नंतरचा.

पण आपण इथे आलोय हेरांच्या मागावर. तेरा-चौदा वर्षांच्या हेरांच्या.

किपलिंगने उतारवयात लिहिलेल्या आठवणींमध्ये मुंबईतली पहिली पाच-सहा वर्षं आहेत. सकाळी आयाचं बोट धरून फळबाजारात जायचं. दुपारी तिच्याकडून नाहीतर मीता नावाच्या घरगड्याकडून गोष्टी ऐकायच्या. संध्याकाळी कपडे बदलून आईवडिलांसमोर पाठवताना ही माणसं त्याला बजावायची, आता इंग्रजीत बोलायचं हं! कारण पोराच्या डोक्यात, अगदी स्वप्नातसुद्धा, त्यांचीच बोली असायची.

एवढंसं पोर, आणि रोज संध्याकाळी उंबऱ्यावर भाषा बदलत होतं. मला वाटतं, लहानग्या हेराची गोष्ट तिथेच रुजली.

[दृश्य: लोकलचा डबा. शाळेच्या गणवेशातली मुलं दारापाशी. फक्त आवाज: मराठी, हिंदी, इंग्रजी, मग परत मराठी.]

मुंबईच्या कुठल्याही मुलाला यात नवल वाटणार नाही. घरात आजीशी मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, शाळेत बाईंसमोर इंग्रजी, आणि खाली खेळायला गेलं की या सगळ्याची भेळ. कुठे कसं बोलायचं, कुणापुढे कोण व्हायचं, हे आपल्या मुलांना कुणी शिकवत नाही. हेराला तेच शिकायला वर्षं लागतात.

१९०१ साली किपलिंगची ‘किम’ ही कादंबरी आली. लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला अनाथ पोरगा. बाप आयरिश सैनिक, पण हा कपडे बदलून हिंदू मुलांत हिंदू होतो, मुसलमानांत मुसलमान. महबूब अली हा पठाण घोड्यांचा व्यापारी त्याच्या हाती एक निरोप सोपवतो आणि ब्रिटन-रशियाच्या चोरट्या लढाईत किम ओढला जातो. तो ज्या म्हाताऱ्या तिबेटी लामाबरोबर फिरतो, तोच लामा त्याच्या लखनौच्या शाळेची फी भरतो. त्या बिचाऱ्याला या उद्योगाचा पत्ताही नसतो. हा भाग मी दर वेळी जरा थांबूनच वाचते.

सिमल्यात किमचं खरं शिक्षण होतं. लर्गन साहेबांच्या दुकानात तबकात रत्नं मांडतात. थोडा वेळ बघायचं, मग तबक झाकतात. काय काय होतं ते सांग! दुकानातला एक लहान मुलगा किमला या खेळात सपशेल हरवतो. पुढे १९०८ मध्ये स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने हा खेळ स्काउटच्या पुस्तकात घेतला, आणि तिथून तो जगभरच्या शिबिरांत पोचला. आपल्याकडेही तुमच्यापैकी कित्येकांनी तो खेळला असेल, फक्त तो एका हेरकथेतून आलाय हे ठाऊक नसेल.

एक गोष्ट मात्र मला बोचते. किम हेरगिरी करतो ती इंग्रज सरकारसाठी, आणि कादंबरीला त्यात काहीच खटकत नाही.

[दृश्य: पावसाळी दुपार. जुन्या वाचनालयाचं लाकडी कपाट. कोपरे दुमडलेली पुस्तकं.]

शंभर वर्षांनी, २००० साली, लंडनचा अ‍ॅलेक्स रायडर आला. अँथनी होरोवित्झचं ‘स्टॉर्मब्रेकर’. वय चौदा. काका अपघातात गेला असं त्याला सांगतात, पण तो काका ब्रिटिश हेरखात्यात होता आणि त्याचा खून झालेला असतो. खातं आता पुतण्यालाच कामाला लावतं. त्याला सोबत काय देतात बघा: मुरमांवर लावायचं मलम, जे धातू विरघळवतं. एक यो-यो, ज्याची दोरी माणसाला वर खेचू शकते. आणि हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. पिस्तूल देत नाहीत. दप्तर उलटं केलं तरी कुणाला संशय येणार नाही अशाच वस्तू.

वाचकांना ही खेळणी आवडतात आणि मलाही आवडली. पण पुस्तक मिटल्यावर मनात राहतं ते वेगळंच. अ‍ॅलेक्स राजीखुशीने गेलेला नाही. ऐकलं नाहीस तर तुला अनाथांच्या संस्थेत पाठवू, तुला सांभाळणाऱ्या जॅकला देशाबाहेर काढू, असा दम त्याला भरलेला असतो. पुढच्या पुस्तकांत हा मुलगा परत परत एवढंच मागतो, की मला शाळेत जाऊ द्या.

२००४ मध्ये रॉबर्ट मुचामोरची ‘चेरब’ मालिका सुरू झाली. तिथे दहा ते सतरा वयाच्या मुलांची आख्खी छुपी संघटनाच आहे. बहुतेक सगळी अनाथ. शंभर दिवसांचं खडतर प्रशिक्षण. त्यामागचा हिशेब सरळ आहे: मोठी माणसं मुलांसमोर बिनघोर बोलतात. मात्र तिथे एक नियम आहे, आणि त्या नियमामुळे मला ही मालिका जवळची वाटते. कामगिरी नको असेल तर मूल नाही म्हणू शकतं. केव्हाही.

[दृश्य: गिरगाव चौपाटी, ओहोटीची वेळ. कॅमेरा हळूहळू रस्त्यापलीकडच्या इमारतींकडे वळतो.]

आता पुस्तकं बाजूला ठेवू. १९४२ चा ऑगस्ट. गांधीजी, नेहरू, पटेल तुरुंगात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. अशा वेळी २७ ऑगस्टला रेडिओवर एक आवाज आला: हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, भारतातून कुठून तरी. ते ‘कुठून तरी’ म्हणजे चौपाटीजवळची सी व्ह्यू इमारत होती. आवाज होता उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. वडील इंग्रजांच्या राज्यातले निवृत्त न्यायाधीश, आणि मुलगी चोरून रेडिओ केंद्र चालवतेय. बरोबर विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर. पोलीस माग काढत होते, म्हणून ही मंडळी यंत्रासकट बिऱ्हाड हलवायची. आज या जागी, काही दिवसांनी भलतीकडेच. हे जवळपास तीन महिने चाललं. १२ नोव्हेंबरला धाड पडली.

पुढचे सहा महिने चौकशी चालली आणि उषाताई एक अक्षर बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ ला सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात शिकवू लागल्या. बावीस म्हणजे काही पोरवय नाही, हे मान्य. पण त्यांची सुरुवात आठव्या वर्षीच झाली होती, सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात मुलांबरोबर घोषणा देत.

ज्या शहराने किपलिंगला पहिल्या गोष्टी ऐकवल्या, त्याच शहरातली तरुण पोरं त्याच्या सरकारच्या नाकाखालून बातम्या पोचवत होती. जे. जे. ते चौपाटी, चालत अर्धा-पाऊण तास. मी हा रस्ता कितीदा तरी चालले आहे, आणि हे आठवलं की अजून पावलं मंदावतात.

[दृश्य: सायकलचं चाक. घंटी. वाड्यांमधली अरुंद वाट.]

आणि आपला फास्टर फेणे! भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला किडकिडीत मुलगा, सायकलवर सुसाट, आणि जीभ टाळूला लावून काढलेला तो ‘ट्टॉक्’. मी सातवीत असताना दोन दिवसांत एक पुस्तक संपवायचे. आमच्या वाचनालयातले काका मुलीच्या हातात हे पुस्तक देताना कुरकुरायचे, तुला गोष्टींचं दुसरं काही देतो म्हणायचे. मी हटायचे नाही. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, तेव्हा मालिका लागली की गॅलरीतली सगळी मुलं एका टीव्हीपुढे बसायची.

फेणे हेर नाही म्हणाल, तर बरोबर आहे. त्याच्याकडे खातं नाही, ओळखपत्र नाही, साहेब नाही. त्याला कुणीच पाठवत नाही. समोर काहीतरी वाकडं घडतंय हे त्याला दिसतं, आणि दिसल्यावर त्याला घरी बसवत नाही. किमला हुकूम देणारा इंग्रज कर्नल होता, अ‍ॅलेक्सला खातं होतं. फेण्याला फक्त डोळे होते. म्हणूनच या सगळ्यांत तो मला सर्वांत मोकळा वाटतो.

[दृश्य: संध्याकाळ. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. गॅलरीत सतरंजी, भोवती सहा-सात मुलं.]

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही या मुलांबरोबर किमचा तो खेळ मांडला. रत्नं नव्हती. स्टीलच्या थाळीत घरातल्याच पंधरा वस्तू: सेफ्टी पिन, कुलपाची किल्ली, दोन रुपयांचं नाणं, काडेपेटी, लसणाची पाकळी, लोकलचा जुना पास, खोडरबर, शर्टाचं पांढरं बटण, असं काय काय. मिनिटभर बघू दिलं. मग वरून टॉवेल टाकला आणि आमच्या सहायकाने हळूच एक वस्तू काढून घेतली. टॉवेल उचलला.

मुलगे थाळीवर वाकले. बोटं मोडत मोजायला लागले. किल्ली आहे, नाणं आहे, पिन... पिन आहे.

अकरा-बारा वर्षांची एक मुलगी कठड्याला टेकून उभी होती. ती थाळीकडे बघतच नव्हती.

“बटण,” ती म्हणाली. “दादा, तुमच्या डाव्या मुठीत आहे. मघापासून ती मूठ उघडलीच नाहीत तुम्ही.”

[दृश्य: मूठ उघडते. बटण. पडदा काळा.]