रुळाशेजारचा रस्ता किती रुंद हवा?

रेल्वेचं मॉडेल मांडताना रूळ, सांधे, सिग्नल यांवर खूप विचार होतो. रस्त्याच्या वाट्याला येते ती उरलेली जागा. मग फाटकाशी लाल एसटी उभी केली, की काहीतरी बिनसलंय हे लांबूनही कळतं.

आधी हिशोब पाहू. एचओ या मॉडेलच्या मापात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या 87व्या हिश्श्याची. शहरातली एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे बोर्डावर 40 मिलिमीटर. दोन लेनचा रस्ता 80. दोन्हीकडे दीड-दीड मीटरचा फुटपाथ धरा, झाले 115. आठ बाय चारच्या प्लायवूडची रुंदी 1220. लांबीभर टाकलेला एकच रस्ता जवळपास दहावा हिस्सा घेतो!

पण जागेपेक्षा मोठा प्रश्न रुळाचा आहे. बाजारातला एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) तेवढं. हे माप स्टँडर्ड गेजचं, म्हणजे खऱ्या 1435 मिलिमीटरचं. आपलं ब्रॉडगेज 1676. ते 19.3 व्हायला हवं. नागपूर स्टेशन किंवा अजनी याच रुळावर मांडलं, तर गाडीखालचा रूळ मुळातच बारीक असतो. त्याच्या शेजारी पूर्ण 80 मिलिमीटरचा रस्ता आला की नजर रस्त्यावरच जाते, रेल्वे मागे पडते. म्हणून रुळाला लागलेली कात्री रस्त्यालाही लावावी. 68 ते 70 मिलिमीटर पुरतात. एसटी साधारण 30 मिलिमीटरची, त्यामुळे दोन बस समोरासमोर आल्या तरी निघतात. नागपूरच्या महाल भागातल्या गर्दीत निघतात तशा, अंग चोरून.

नॅरोगेजचं वेगळं. इतवारी–नागभीड मार्ग 762 मिलिमीटरचा होता. एचओ मापात ते होतात पावणेनऊ, आणि एन गेजचा (एचओहून लहान मॉडेलचा) तयार रूळ 9 मिलिमीटरचा. इथे रूळ जवळजवळ खरा आहे, म्हणून रस्ताही खराच ठेवा: गावाकडचा एकेरी, पावणेचार मीटरचा, बोर्डावर 43 मिलिमीटर. डांबराच्या दोन्ही कडांना मुरूम हवाच, समोरून वाहन आलं की चाक तिथेच उतरतं. मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये त्या दोन रुळांच्या मध्ये किती कमी अंतर आहे ते पाहून या, म्हणजे 43चा रस्ताही त्याशेजारी किती ऐसपैस दिसेल ते समजेल.

आणि मेट्रो? नागपूरची मेट्रो स्टँडर्ड गेजवर धावते. तिच्यासाठी 16.5चा रूळ अचूक आहे. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तिथे रस्ता अरुंद केला तर खांब अवजड दिसतील आणि सगळी उंची खोटी वाटेल. जागा नसेल तर खांबांच्या एकाच बाजूचा रस्ता घ्या, दुसरी बाजू बोर्डाच्या कडेबाहेर गेली तरी चालेल. घ्याल तेवढा मात्र पूर्ण मापाचा घ्या. आणि रंग लावण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी टाकून त्यावर बस फिरवून बघा.