गेलेली डिस्क, राहिलेलं नाव

[काळी स्क्रीन. एक कमांड टाइप होते. खाली कर्सर लुकलुकत राहतो.]

एलएस. डिरेक्टरीत काय काय आहे, एवढंच विचारणारी दोन अक्षरांची कमांड. एरवी एंटरवरचं बोट उचलायच्या आत उत्तर येतं. इथे अर्धं मिनिट झालं तरी स्क्रीन गप्पच आहे. कंट्रोल-सी दाबून पाहिलं, तरी काही हललं नाही.

दुसऱ्या टर्मिनलमधून त्याच सर्व्हरवर लॉगिन करू. प्रोसेसच्या यादीत आपली एलएस सापडते आणि तिच्यापुढे स्थितीच्या रकान्यात एकच अक्षर दिसतं: डी. ही प्रोसेस डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत झोपली आहे, आणि उत्तर येईपर्यंत तिला कोणी उठवू शकत नाही. किल मायनस नाइन, म्हणजे प्रोसेस सक्तीने बंद करायची कमांड, दिली तरी ती जात नाही. दोन मिनिटं उलटली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लॉगमध्ये तक्रार टाकतो: ही प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकली आहे. सीपीयू जवळजवळ रिकामा आहे, लोड ॲव्हरेज, म्हणजे सर्व्हरवरच्या ताणाचा आकडा, मात्र चढतंच आहे, कारण लिनक्स अशा अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतो.

हा चाचणीचा सर्व्हर आहे आणि ही अवस्था आम्ही मुद्दाम घडवली आहे. केलं एवढंच, की स्टोरेज ॲरेवरून, म्हणजे सर्व्हरना डिस्क पुरवणाऱ्या वेगळ्या यंत्रावरून, एक व्हॉल्यूम (सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारा जागेचा तुकडा) काढून घेतला आणि सर्व्हरला सांगितलं नाही.

[आकृती: सर्व्हर, दोन स्विच, स्टोरेज ॲरे. चार रेघा उमटतात.]

सर्व्हरमधून दोन केबल निघतात, ॲरेचे दोन पोर्ट आहेत. म्हणजे एका व्हॉल्यूमपर्यंत जायला चार वाटा. कर्नलच्या लेखी प्रत्येक वाट ही वेगळी डिस्क असते: एसडीसी, एसडीएफ, एसडीआय, एसडीएल. या चारही एकाच व्हॉल्यूमकडे जातात हे ओळखून त्यांची मोट बांधायचं काम मल्टिपाथ करतो आणि वर एकच नाव दाखवतो. वीस व्हॉल्यूम असले की खाली ऐंशी नावं. व्हॉल्यूम गेला तरी ही नावं आपोआप जात नाहीत. मल्टिपाथची यादी काढली तर चारही ओळींपुढे फेल्ड, फॉल्टी असं लिहिलेलं दिसेल. पण ओळी आहेतच.

का आहेत? सर्व्हरच्या बाजूने विचार करून बघा. त्याला कळतं ते एवढंच, की समोरून डेटा येत नाही. केबल निघाली असेल, स्विच रीबूट होत असेल, किंवा ॲरेचा कंट्रोलर बदलत असेल. एवढ्याशा खंडाने डेटाबेस पडू नये म्हणून मल्टिपाथला एक सेटिंग देता येतं: क्यू इफ नो पाथ. सगळ्या वाटा बंद झाल्या तरी एरर देऊ नकोस, वाचणं-लिहिणं रांगेत धरून ठेव, वाट उघडली की सोड. मला हे सेटिंग मनापासून आवडतं, त्याने कितीतरी रात्री वाचवल्या आहेत. पण जी वाट कधीच उघडणार नाही तिच्यासमोरही ते तितक्याच निष्ठेने रांग धरून बसतं. आपली एलएस त्याच रांगेत उभी आहे.

फायबर चॅनलमध्ये, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या खास नेटवर्कमध्ये, ॲरेचा अख्खा पोर्टच दिसेनासा झाला, तर ठरावीक मुदतीनंतर कर्नल त्यामागच्या नोंदी काढू शकतो. पण पोर्ट जिवंत असेल, त्याच्यामागचे बाकीचे व्हॉल्यूम चालू असतील आणि त्यातला एकच काढून घेतला असेल, तर ती मुदत सुरूच होत नाही. नेहमीच्या कामात घडतं ते बहुतेक हेच.

[लॉगची एक ओळ मोठी होत जाते.]

ही ओळ नीट वाचा. कर्नल म्हणतोय, या टार्गेटवरच्या, म्हणजे ॲरेच्या या पोर्टवरच्या, लन (व्हॉल्यूमला दिलेला क्रमांक) नेमणुका बदलल्याचं मला कळलं आहे, आणि लिनक्सचा एससीएसआय थर, म्हणजे डिस्कशी बोलणारा भाग, त्या आपोआप नव्याने जुळवून घेत नाही. हँग झालेल्या सर्व्हरपेक्षा मला या ओळीची जास्त भीती वाटते. समजा काढलेल्या व्हॉल्यूमचा लन क्रमांक पाच होता. काही दिवसांनी स्टोरेजच्या माणसाने दुसरा व्हॉल्यूम याच सर्व्हरला दिला आणि मोकळा दिसला म्हणून पाच हाच क्रमांक दिला. आता एसडीसी हे जुनं नाव नव्या व्हॉल्यूमवर उघडतं. जुन्या डिस्कसाठी निघालेलं लिखाण नव्यावर पडू शकतं. हँग झालेला सर्व्हर निदान ओरडून तरी सांगतो. हे मात्र बॅकअप परत आणायची वेळ येईपर्यंत कळत नाही.

[नवीन टर्मिनल. दुसरा व्हॉल्यूम.]

आता दुसरा व्हॉल्यूम रीतसर काढू. वरून खाली यायचं: आधी ॲप्लिकेशन, मग फाइल सिस्टिम, मग एलव्हीएम (डिस्कची जागा गटांत वाटणारा थर), मग मल्टिपाथ, मग एकेक पाथ, आणि अगदी शेवटी स्टोरेज.

त्याआधी ओळख पटवायची. एसडीसी हे नाव ओळख म्हणून चालत नाही, रीबूटनंतर ते दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. ओळख पटते ती डब्ल्यूडब्ल्यूआयडीने, म्हणजे त्या व्हॉल्यूमच्या एकमेव ओळख क्रमांकाने. बहुतेक ॲरेंवर हा ३६ ने सुरू होणारा लांबलचक आकडा असतो. तो स्टोरेजवाल्याकडच्या आकड्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून घ्यायचा. एकाच ॲरेवरच्या दोन व्हॉल्यूमचे आकडे कधी कधी फक्त शेवटच्या एक-दोन अक्षरांत वेगळे असतात. एकाने वाचावं, दुसऱ्याने बोट ठेवून बघावं.

ॲप्लिकेशन बंद झालं. फ्यूजर, म्हणजे डिस्क कोण वापरतंय ते सांगणारी कमांड, लावून पाहिलं, माउंटवर कोणी बसलेलं नाही. अनमाउंट केलं. एफएसटॅबमधली, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतली, ओळ काढली. ती राहिली तर पुढच्या रीबूटला सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हर सुरू करणारा प्रोग्रॅम, त्या डिस्कची साधारणपणे ९० सेकंद वाट बघतो आणि मग सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतो. रीबूट सहा महिन्यांनी झाला, तर आज आपण काय काढलं होतं हे तेव्हा कोणाला आठवणार?

एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप बंद केला आणि एक्स्पोर्ट केला. मग चारही पाथची नावं कागदावर लिहून घेतली, कारण पुढच्या कमांडनंतर त्यांची मोट सुटणार आहे. आता मल्टिपाथचा मॅप, म्हणजे चार पाथवरचं ते एक नाव, काढू. मॅप इन यूज असं उत्तर आलं तर हट्ट करू नये. वर अजून कोणीतरी त्याला धरून आहे. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो त्या जागी, त्या डिस्कच्या होल्डर्स डिरेक्टरीत डोकावलं की ते कोण आहे ते दिसतं.

[जवळून: बोटं कीबोर्डवर. टाइप होणारी ओळ.]

आता प्रत्येक पाथचे बफर फ्लश केले, म्हणजे मेमरीत उरलेलं लिखाण डिस्कवर पाठवलं, आणि आलो शेवटच्या ओळीवर. सिस, ब्लॉक, एसडीडी, डिव्हाइस, डिलीट. या फाइलमध्ये एक हा आकडा लिहायचा. बस. खात्री आहे का, असं कोणी विचारत नाही. डीच्या जागी ई पडला तर चालू असलेली दुसरीच डिस्क सर्व्हरवरून निघून जाईल. म्हणून इथे मी हात कीबोर्डवरून उचलते, कागद बघते आणि मगच एंटर दाबते. चार पाथ, चार वेळा.

ही सोय आली २.६ कर्नलबरोबर, डिसेंबर २००३ मध्ये. त्याआधी प्रॉक-एससीएसआयमध्ये होस्ट, चॅनल, टार्गेट, लन असे चार आकडे हाताने लिहावे लागत. बाकीच्या ऑपरेटिंग सिस्टिमनाही हा प्रश्न चुकलेला नाही. आयबीएमच्या एआयएक्समध्ये गेलेली डिस्क डिफाइन्ड म्हणून पडून राहते आणि आरएमडेव्हने काढावी लागते. एचपी-यूएक्स तिच्यापुढे नो एचडब्ल्यू, म्हणजे हार्डवेअर नाही, असं लिहितो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्येही स्टोरेजवरून काढण्याआधी डिव्हाइस डिटॅच करायचं असतं.

आता फोन उचलायचा आणि स्टोरेजवाल्याला सांगायचं, मॅपिंग काढ. यात वेळ जाऊ देऊ नका. मधल्या काळात कोणी दुसऱ्या कामासाठी बस रीस्कॅन केली, म्हणजे सर्व्हरला डिस्क पुन्हा शोधायला सांगितलं, तर व्हॉल्यूम अजून दिसतच असतो आणि चारही नावं नव्याने उगवतात.

[पुन्हा पहिलं टर्मिनल. एलएस अजून अडकलेली.]

आणि हिचं काय? आधी स्टोरेजवाल्याला विचारू: व्हॉल्यूम अजून पुसला नाही ना? नसेल तर तोच व्हॉल्यूम, त्याच लन क्रमांकावर परत द्यायला सांगायचं. वाटा उघडतात, रांग सुटते आणि मग सगळं रीतसर काढता येतं. माझ्या मते हाच सर्वात सुरक्षित मार्ग. पुसला असेल, तर डीएमसेटअप या कमांडने त्या मॅपला निरोप द्यायचा: फेल इफ नो पाथ. आता रांग धरू नकोस, एरर दे. अडकलेल्या प्रोसेस एरर घेऊन सुटतात. जे लिखाण रांगेत होतं ते गेलंच, हे मान्य करूनच हा निरोप द्यायचा असतो.

आम्ही व्हॉल्यूम पुसला नव्हता. मॅपिंग परत आलं. लॉगमध्ये एकामागून एक चार पाथ जिवंत झाल्याच्या ओळी आल्या, आणि तब्बल अकरा मिनिटांनी एलएसने उत्तर दिलं: तीन फाइल्स.